निंजास्कला पुढं घालून एमराल्ड: कामाच्या नोंदी

१५ जून

ठरलंय ते असं. पोकेमॉन एमराल्ड हा जुना व्हिडिओ गेम नव्यानं सुरू करायचा, निंजास्क या किड्याच्या जातीच्या पोकेमॉनला पुढं घालून. निंजास्क हाताशी आला की त्यापुढच्या प्रत्येक जिमला (गावोगावच्या उस्तादाशी लढत), मग एलिट फोर या चौघा बड्या खेळाडूंना आणि शेवटी चॅम्पियन वॉलेससमोर पहिल्या जागेवर तोच उभा राहणार. जिंकून कोण देईल ते देईल, तोंड मात्र त्यानं पाडायचं.

आकडे बघून या किड्याचा मोह कुणालाही पडतो. वेग १६०. एमराल्डमध्ये त्याच्या पुढं फक्त डिऑक्सिसचा स्पीड फॉर्म, १८०. वर स्पीड बूस्ट, म्हणजे प्रत्येक टर्नच्या शेवटी वेग अजून एक पायरी वर. आता दुसरी बाजू बघा: एचपी (म्हणजे जीव) ६१, डिफेन्स ४५, स्पेशल डिफेन्स ५०. आग, वीज, बर्फ, उडते हल्ले दुप्पट लागतात आणि दगड चौपट. अंगावर एक नीट बसला की खेळ खलास.

सामान: आतेभावानं देऊन टाकलेला डीएस लाइट, आणि त्याचीच हिरवी पारदर्शक कॅसेट. सुरू केल्या केल्या पडद्यावर आलं की आतली बॅटरी संपली आहे, गेम खेळता येईल, पण घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी होणार नाहीत. चालतंय की, म्हणून पुढं गेलो. यार्डातली हळदीची गर्दी आता ओसरलीय, त्यामुळं रात्री जेवणानंतर वेळ मिळतो.

१९ जून

सुरुवातीचा पोकेमॉन म्हणून मडकिप घेतला. कारण पुढं कळेल.

स्वभावाचा प्रश्न. गेममध्ये प्रत्येक पोकेमॉनला स्वभाव असतो, त्यावर त्याचे आकडे थोडे कमी-जास्त होतात. बहुतेक जण निंजास्कला जॉली घेतात, वेग वाढतो म्हणून. मला ते पटत नाही. आधीच १६० आहे, वर दर टर्नला वाढतोय, त्यात आणखी भर घालून करायचं काय? कमी आहे तो मार. म्हणून अ‍ॅडमंट, मार वाढवणारा.

एमराल्डमध्ये सिंक्रोनाइज हा गुण असलेला पोकेमॉन पहिल्या जागेवर ठेवला, तर जंगली पोकेमॉन त्याच्याच स्वभावाचा निघण्याची शक्यता ५० टक्के होते. राल्ट्स रूट १०२ वर मिळतो, पण क्वचित. त्यात सिंक्रोनाइज पाहिजे, त्यात अ‍ॅडमंट पाहिजे. या राल्ट्सनं जीव काढला. मिळाल्यावर मात्र रस्टबोरोच्या पूर्वेला रूट ११६ च्या गवतात निंकाडाचं (याचाच पुढं निंजास्क होतो) काम झटक्यात झालं. ज्याला घाई असेल त्यानं हा भाग सोडावा, गेम स्वभावाशिवायही संपतो.

२४ जून

निंकाडा वाढवणं म्हणजे शिक्षा आहे. वेग ४०. हल्ला लीच लाइफचा, आणि गेमच्या तिसऱ्या पिढीत (एमराल्ड त्यातलाच) त्याची ताकद फक्त २०. डिफेन्स ९० आहे म्हणून तग धरतो, पण समोरचा मरत नाही. मी त्याला पहिल्यांदा उतरवून लगेच मडकिपला आत घेतो, म्हणजे एक्सपी (लढून मिळणारा अनुभव, त्यावर लेव्हल वाढते) दोघांत वाटला जातो. पुढं डेव्हन कंपनीच्या अध्यक्षांकडून एक्सपी शेअर (न लढणाऱ्यालाही अनुभवाचा वाटा देणारी वस्तू) मिळाला, तेव्हा जरा सुसह्य झालं. त्यासाठी स्टीव्हनला पत्र पोचवून परत रस्टबोरोला यावं लागतं. कंटाळा करू नका, या.

१ जुलै

मॉव्हिलच्या जिमचा उस्ताद वॉटसन, सगळे विजेचे पोकेमॉन. इथं डोकं चालवायला गेलो.

निंकाडा लेव्हल २० ला निंजास्क होतो. निंजास्क किडा आणि उडता, म्हणजे विजेपुढं मेलाच. निंकाडा मात्र किडा आणि जमिनीचा, त्याला वीज लागतच नाही. तेव्हा बी बटण दाबून दाबून त्याचं रूपांतर अडवलं आणि लेव्हल २२ चा निंकाडा घेऊन आत शिरलो. शॉक वेव्ह या विजेच्या हल्ल्यानं खरंच काही झालं नाही. पण मॅग्नेटॉन पोलादी, त्याला लीच लाइफ आणि फ्युरी स्वाइप्स दोन्ही अर्धेच लागतात. आणि त्याच्याकडं सॉनिकबूम आहे, तो थेट २० एचपी काढतो, डिफेन्स कितीही असो. निंकाडाचा एचपी पन्नासच्या आत. हिशोब तुम्हीच करा.

शेवटी मार्शटॉम्प (मडकिपच वाढून झालेला) काढला. मड शॉट मॅग्नेटॉनला चौपट लागतो. एका टर्नमध्ये विषय संपला. मडकिप घ्यायचं कारण हे.

४ जुलै

रूपांतर आणखी अडवून लेव्हल २५ ला होऊ दिलं. त्यामागं कारण आहे: निंजास्कला बरोबर २५ ला स्वोर्ड्स डान्स (स्वतःचा मार दुप्पट करणारा डाव) येतो. त्याच लेव्हलला बदलला तर तिथल्या तिथं शिकतो. पार्टीत एक जागा रिकामी ठेवली होती, त्यामुळं त्याच रूपांतरात जादा मिळणारा शेडिंजाही मिळाला आणि त्यालाही स्वोर्ड्स डान्स आला. (चौथ्या पिढीपासून बॅगेत जादा पोके बॉलही लागतो. इथं नुसती जागा पुरते.)

तोटाही लिहून ठेवतो. २० ला बदलला असता तर डबल टीम, फ्युरी कटर आणि स्क्रीच मिळाले असते, ते हुकले. स्क्रीच पाहिजेच असेल तर हार्ट स्केल देऊन फॉलरबरला शिकवता येतो. मी नाही शिकवला.

आत्ताचे चार: लीच लाइफ, सँड अ‍ॅटॅक, फ्युरी स्वाइप्स, स्वोर्ड्स डान्स. ३१ ला स्लॅश आला की फ्युरी स्वाइप्स काढणार.

१३ जुलै

फ्लॅनरीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आग. निंजास्क गेला, मार्शटॉम्पनं उरकलं.

नॉर्मनबद्दल मात्र लिहायलाच पाहिजे, कारण वेगानं सगळं होतं हा भ्रम इथं उतरतो. त्याचा स्लेकिंग एक टर्न मारतो, एक टर्न लोळतो. कागदावर निंजास्कसाठी आयतं सावज: तो लोळत असताना स्वोर्ड्स डान्स, मग स्लॅश. पण एमराल्डमध्ये नॉर्मनच्या स्लेकिंगला काउंटर आहे. शारीरिक हल्ल्यानं जेवढं लागलं त्याच्या दुप्पट तो परत देतो, आणि काउंटर नेहमी टर्नच्या शेवटी चालतो. म्हणजे तुम्ही जितके वेगवान, तितकं आधी मारणार आणि मग नक्की खाणार. निंजास्कचे सगळे कामाचे हल्ले शारीरिकच.

बरं, तो लोळतानाच मारू म्हटलं, तर त्याला एकदा फसाड या हल्ल्याची संधी मिळते आणि ८०-८५ एचपीचा निंजास्क एका फसाडमध्ये जातो. स्वोर्ड्स डान्स एकदा करूनही माझा स्लॅश त्याच्या एचपीचा चौथा हिस्सा काढत होता. शेडिंजा पाठवून बघितला. फसाड आणि काउंटर त्याला लागत नाहीत, पण फेंट अ‍ॅटॅक लागतो, आणि शेडिंजाचा एचपी १.

जमलं ते असं: मारायचा विचारच सोडून दिला. निंजास्कनं फक्त सँड अ‍ॅटॅक केला. तोच आधी खेळतो, त्यामुळं मरायच्या आधी वाळू फेकून होते. स्लेकिंगचे दोन-तीन वार हुकले, तेवढ्यात अजून वाळू. शेवटी निंजास्क गेला आणि मार्शटॉम्पसमोर अर्धा आंधळा स्लेकिंग उरला. फेंट अ‍ॅटॅक कधीच चुकत नाही हे ध्यानात ठेवा, पण त्यानं मार्शटॉम्पला फार होत नाही.

स्वतः एकही नीट हल्ला न करता निंजास्कनं जिंकून दिलेली ही पहिली जिम.

२६ जुलै

पाऊस धरलाय. घरात प्रत्येकाच्या मोबाईलवर आयर्विन पुलाला पाणी किती फूट, एवढंच. वीज जाऊन-येऊन, डीएसचं चार्जिंग जपून.

फोर्ट्रीची विनोना. नॉर्मनवर वाळू चालली म्हणून इथंही तोच प्रयोग, आणि सपशेल पडला. तिच्या ट्रोपियस, स्कारमोरी आणि अल्टेरिया तिघांकडं एरियल एस आहे. तो हल्ला चुकत नाही, वाळू फेका नाहीतर डोंगर फेका. निंजास्कला तो दुप्पट लागतो. अल्टेरियाचा अर्थक्वेक तेवढा उडत्या निंजास्कला लागत नाही, त्याचं समाधान.

जिंकल्यावर बक्षीस म्हणून तोच एरियल एस मिळतो, टीएम ४० (टीएम म्हणजे हल्ला शिकवणारी वस्तू). लीच लाइफ काढून तो बसवला. ताकद ६०, निंजास्क स्वतः उडता म्हणून मार दीडपट, चुकत नाही. आत्तापर्यंत या किड्याच्या हातात बोथट विळा होता, आता धार लागली.

५ ऑगस्ट

लिलीकोव्ह. इथं सब्स्टिट्यूट (स्वतःचा थोडा एचपी देऊन मार झेलायला बाहुला उभा करणं) शिकवणारा आहे, पण पूर्ण गेममध्ये एकदाच शिकवतो. दुसऱ्या कुणावर वाया घालवू नका. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये प्रोटेक्ट (त्या टर्नचा मार अडवतो) गेममधल्या ३,००० ला मिळतो, तोही घेतला.

दोन दिवस प्रोटेक्ट वापरला. एचपी न घालवता एक स्पीड बूस्ट पदरात पडतो हे खरं, पण लागोपाठ दुसऱ्यांदा लागण्याची खात्री नसते आणि वेगाची आम्हाला कधीच टंचाई नव्हती. काढून टाकला. तीन हजार गेले. त्या जागी सब्स्टिट्यूट.

१२ ऑगस्ट

बॅटरीनं शेवटी गाठलंच.

मरणाच्या फटक्यातून वाचवणारी वस्तू पाहिजे होती. फोकस सॅश तिसऱ्या पिढीत नाही, तो चौथ्यात आला. इथं आहे फोकस बँड, आणि तो मॉसडीपच्या वरच्या शोल केव्हमध्ये एक ब्लॅक बेल्ट कराटेवाला देतो, ओहोटी असताना. ओहोटी गेमच्या घड्याळावर चालते. माझं घड्याळ मेलेलं, त्यामुळं केव्हमध्ये जाईन तेव्हा भरतीच.

कॅसेट उघडायला तीन पात्यांचा स्क्रूड्रायव्हर लागतो, साधा चालत नाही. ऑनलाइन मागवला, १२० रुपये. आत सीआर १६१६ सेल, पण त्याला धातूच्या पट्ट्या जोडलेल्या असतात आणि त्या पट्ट्या बोर्डावर डाग देऊन बसवलेल्या. घड्याळाच्या दुकानात नुसता सेल मिळतो. त्यावर थेट डाग द्यायला जाऊ नका, तापून फुगू शकतो. पट्टीवालाच मागवा, १८० रुपये. तो यायला आठवडा गेला, कारण पावसानं कुरिअर अडकलं.

गणपती पेठेजवळच्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्यानं कॅसेट उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाला, "साहेब, ह्यात मेमरी बॅटरीवर असली तर सगळं उडंल बघा. मला मागनं बोलायचं नाही." एमराल्डचा सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, बॅटरी काढल्यानं जात नाही, हे मला माहीत होतं. तरी तो पट्टी उचलत होता तेव्हा मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. जुन्या पट्टीखालचं कथील त्यानं आधी वितळवून शोषून घेतलं, मग नवीन पट्टी टेकवून अधिक-उणे दोनदा तपासलं आणि प्रत्येक टोकाला एकेकच डाग दिला. दीडशे रुपये.

सेव्ह शाबूत. संदेश गेला. ओहोटी आली.

आणि एवढं करून फोकस बँड काय करतो? मरणाच्या फटक्यातून १ एचपीवर वाचण्याची १० टक्के शक्यता. त्यानं एकदाही हात दिला नाही. साडेचारशे रुपये त्या दहा टक्क्यांसाठी. ज्यांना झाडांची बेरी वगैरे पाहिजे त्यांनी बॅटरी जरूर बदलावी, नुसत्या निंजास्कसाठी नको.

२३ ऑगस्ट

पुढची जिम, टेट आणि लायझा: क्लेडॉलकडं एन्शंटपॉवर, दगडी, चौपट. मार्शटॉम्पचा आता स्वॉम्पर्ट झालाय, त्याच्या सर्फनं निभावलं. सीफ्लोर कॅव्हर्नमधून अर्थक्वेकचा टीएम उचलला, तो स्वॉम्पर्टला. शेवटच्या जिमचा वॉन अगदीच साधा गेला.

१ सप्टेंबर

लेव्हल ४५. बॅटन पास. सँड अ‍ॅटॅक गेला, स्लॅशही आता नाही. चार ठरले: एरियल एस, स्वोर्ड्स डान्स, सब्स्टिट्यूट, बॅटन पास.

बॅटन पास केला की निंजास्क बाहेर येतो आणि त्याचा वाढलेला वेग, वाढलेला अ‍ॅटॅक, शाबूत असेल तर सब्स्टिट्यूटसुद्धा आत येणाऱ्याला मिळतो. स्वॉम्पर्टचा अ‍ॅटॅक ११०, अंगानं दणकट, नडतो तो फक्त ६० वेग. नेमकं तेवढंच निंजास्ककडं रग्गड आहे.

पण एलिट फोरच्या वाटेवरच्या व्हिक्टरी रोडवर पहिले काही दिवस हाती काहीच लागलं नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, अजून एक स्वोर्ड्स डान्स होऊ दे, मग देऊ. आणि त्या एकातच निंजास्क जायचा, सगळं साठवलेलं घेऊन. भाचा आला होता मिरजेहून. शाळेच्या खो-खोच्या संघात आहे, बाजूला बसून भडंग खात बघत होता. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर वैतागला.

"मामा, खो दे की! का दमंपर्यंत पळवतोयस त्याला?"

"अजून एक डान्स झाला असता तर..."

"धावणारा दमल्यावर खो देऊन काय उपेग? बसलेला ताजा हाय न्हवं तुझा."

त्या दिवसापासून नियम: एक स्वोर्ड्स डान्स, फार तर एक सब्स्टिट्यूट, की खो.

९ सप्टेंबर

टर्नचा क्रम पक्का झाला, ज्याला हेच करायचंय त्यानं हा भाग नीट वाचावा.

निंजास्क पहिल्या जागेवरच ठेवा. मधेच बदलून आत आणला तर त्या टर्नला स्पीड बूस्ट लागत नाही. पहिल्या टर्नला समोर मवाळ गडी असेल तर स्वोर्ड्स डान्स, नाहीतर सब्स्टिट्यूट. दुसऱ्या टर्नला राहिलेलं. तिसऱ्याला बॅटन पास. तोपर्यंत वेग दोन पायऱ्या वर, म्हणजे दुप्पट. स्वोर्ड्स डान्सनं अ‍ॅटॅकही दुप्पट.

निंजास्क वेगवान असल्यानं बॅटन पास समोरच्याच्या आधी होतो. म्हणजे त्या टर्नचा मार स्वॉम्पर्ट खातो, निंजास्क नाही. सब्स्टिट्यूट टिकला असेल तर तोही नाही, मार बाहुल्यावर जातो. वेगाचा मला दिसलेला सगळ्यात मोठा उपयोग हाच.

सब्स्टिट्यूटचं गणित: एचपीचा चौथा हिस्सा जातो, आणि समोरून ४० चा मार येवो नाहीतर २०० चा, बाहुला एकच फुटतो. तेव्हा तो दणकट मारापुढंच वापरा, किरकोळ मारापुढं वाया जातो. लेव्हल ५० ला माझ्या निंजास्कचा एचपी १२८. तीन वेळा ३२ गेले की उरतात ३२, आणि बरोबर चौथा हिस्सा उरला असेल तर सब्स्टिट्यूट होत नाही. लेव्हल ५१ ला एचपी १३०, चौथा हिस्सा ३२ च. तीन झाल्यावर ३४ उरतात आणि चौथा बसतो. एलिट फोरला जायच्या आधी एवढी एक लेव्हल काढाच.

१९ सप्टेंबर

एलिट फोर. सिडनीनं पहिल्याच दारात परत पाठवलं. त्याचा पहिला माइटिएनाच, आणि त्याच्याकडं रोर. डान्स केला, बाहुला उभा केला, स्वॉम्पर्टला दिलं, आणि माइटिएना भुंकला. रोर बाहुल्याला जुमानत नाही. स्वॉम्पर्ट बाहेर, साठवलेलं सगळं मातीत.

उपाय: माइटिएनासमोर काहीच साठवायचं नाही. सरळ बदलून स्वॉम्पर्टनं तो पाडायचा. सेटिंगमध्ये बॅटल स्टाइल शिफ्टवर ठेवली असेल तर समोरचा पडल्यावर गेम विचारतो, बदलायचं का. तिथं निंजास्क फुकटात परत आत. पुढचा शिफ्ट्री असला तर एरियल एस दुप्पट लागतो, त्याला निंजास्कच पाडतो.

फीबी आणि ग्लेशिया क्रमाप्रमाणं. ड्रेकच्या सॅलॅमन्सपर्यंत पोचताना स्वॉम्पर्टचा वेग दुप्पट नसता तर काही खरं नव्हतं. अर्थक्वेक उडत्यांना लागत नाही, म्हणून स्वॉम्पर्टकडं स्ट्रेंग्थ एचएम (वाटेतले अडथळे हटवायला मिळणारा हल्ला) ठेवलाय. लोक एचएमला हसतात, पण ताकद ८० आहे आणि फुकट आहे.

२२ सप्टेंबर

वॉलेस. पहिलाच वेलॉर्ड, लेव्हल ५७. पूर्ण एचपी असताना त्याच्या वॉटर स्पाउटची ताकद १५०. निंजास्कला तो एकदा लागला की वाफ. इथं बाहुल्याचं गणित कामी आलं: पहिल्या टर्नला सब्स्टिट्यूटच, दुसरं काही नाही. वॉटर स्पाउट आला तर बाहुला फुटतो, ३२ एचपीत एवढा मोठा मार झेलला जातो, पुन्हा सब्स्टिट्यूट. ज्या टर्नला वेलॉर्ड रेन डान्स करतो त्या टर्नला बाहुला शिल्लक राहतो. तीच खूण. लगेच स्वोर्ड्स डान्स, लगेच खो.

हरलो ते लुडिकोलोपाशी. त्याचा गिगा ड्रेन स्वॉम्पर्टला चौपट. अर्थक्वेक त्याला अर्धाच. दुसऱ्या खेपेला तो उतरल्यावर शिफ्टनं निंजास्क परत काढला, एक स्वोर्ड्स डान्स केला. लुडिकोलोनं तेवढ्यात डबल टीम केला, पण एरियल एसला त्याचं काय! एका फटक्यात गेला. अख्ख्या गेममध्ये निंजास्कनं एकट्यानं केलेलं हे सगळ्यात मोठं काम.

गायराडोसला स्ट्रेंग्थ, बाकी टेंटाक्रुएल, व्हिस्कॅश, मिलोटिक सगळे अर्थक्वेकनं. मिलोटिक रिकव्हर करत बसतो, पण अ‍ॅटॅक दुप्पट असताना त्याला उसंत मिळत नाही.

२८ सप्टेंबर

चॅम्पियन झाल्यावर मॉसडीपला स्टीव्हनच्या घरी बेल्डम मिळतो, तो घेतला. त्याचाच वाढून मेटाग्रॉस होतो. मेटाग्रॉसचा अ‍ॅटॅक १३५ आणि वेग ७०, म्हणजे खो घ्यायला स्वॉम्पर्टपेक्षा सरस. त्याला घेऊन बॅटल फ्रंटियरला (चॅम्पियन झाल्यानंतरच्या लढतींची जागा) जायचा विचार आहे. अडचण एवढीच की बेल्डम लेव्हल ५ ला मिळतो, त्याला एकच हल्ला येतो, टेक डाउन, आणि तो करताना स्वतःलाही लागतं. मेटाग्रॉस होतो त्या लेव्हल ४५ पर्यंत कसा न्यायचा त्याचा हिशोब चाललाय. एक्सपी शेअर निंजास्ककडून काढून त्याला दिलाय.